बिस्किटी की हिरवट

मुंबई-पुणे रस्त्याला लागून चिंचवडात आप्पांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आमचं दोन खोल्यांचं घर. मधल्या भिंतीत एक दार होतं. दाराच्या अलीकडे आईची चूल, पलीकडे आप्पांची ऐरण. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि लॉरीच्या कमानपाट्यांवर पडणारा घण, दोन्ही मला एकदमच ऐकू यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. जेवणाला रॉकेलचा वास यायचा. आई म्हणायची, वास भांड्यांना नाही, आपल्या नाकालाच लागलाय. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा खरडा हे रोजचं, आणि सुगीत हरभऱ्याचे घाटे. गाडी दुरुस्त होईपर्यंत लॉरीवाले बाहेर बाजेवर पडून असत, आई त्यांनाही ताटली पाठवायची. चाकणच्या बाजाराला जाणारे लोक जाताना पिशवीभर कांदा ठेवून जात, त्यामुळे कांदा आम्ही कधी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. पिंपरीच्या अंगाला तेव्हा कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. आकुर्डीत मात्र अजून शेतंच होती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वडाची झाडं. आता मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा उड्डाणपुलावरून जाते आणि खाली नेमकं काय होतं हे मला सांगता येत नाही.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते हे कबूल करत नसत. बोल्ट कुठल्या मापाचा ते अंगठ्यानं चाचपून सांगत. इंजिनाचं दुखणं ओळखायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असे. पण काही गोष्टी हाताला आणि कानाला कळत नाहीत. त्यांतली एक म्हणजे प्लगचा रंग.

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा बोटभर तुकडा. त्याच्या आतल्या टोकाला पांढऱ्या चिनी मातीची नळी असते. कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जात असेल तर त्या नळीवर काजळी धरते. कमी जात असेल तर नळी चुन्यासारखी कोरडी पांढरी राहते आणि इंजिन आतल्या आत तापत जातं. सगळं जुळलेलं असेल तर तिच्यावर भाजलेल्या रव्याचा रंग चढतो. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. सातवीची फायनल झाल्यावर माझी शाळा सुटली. घरातलं काम आटपलं की मी मधल्या दारात बसून रॉकेलच्या डब्यात प्लग घासायची. घासण्याआधी मी ते रांगेत मांडायची, कारण मला रंग बघायला आवडायचे. दत्तूदादा माझ्यापेक्षा मोठा, आप्पांच्या हाताखाली तयार झालेला. तो येता-जाता विचारायचा, "माले, कसा हाय गं हा?" मी म्हणायची, "करपलाय," किंवा "कच्चा हाय," किंवा "झाक भाजलाय." मग तो आप्पांना जाऊन तेच सांगायचा, आपल्या शब्दांत.

बरीच वर्षं मला वाटायचं, तो माझी गंमत करतोय. एकदा तो एका लॉरीच्या दिव्यांच्या तारा जोडत होता. लाल आणि हिरव्या तारांचे गुंते काढताना एका रंगाच्या प्रत्येक तारेला तो आधी दोऱ्याची गाठ मारत होता, आणि गाठ मारण्यासाठी तार आधी माझ्यासमोर धरत होता. "ही लालच ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"तुला दिसत न्हाई व्हय रं दादा?"

"दिसतं की. पर ह्या दोघी मला एकच दिसतात. आणि तपकिरी बी त्यातच." मग थोडा वेळ तो तार नुसतीच पिळत राहिला. "आप्पांना सांगू नगं. त्यांना वाटंल, दोघं बी आंधळे."

मी सांगितलं नाही. त्यात मला काही मोठं गुपित सांभाळल्यासारखं वाटलं नव्हतं. घरात आप्पांना पेपर मी वाचून दाखवायची, आईला सुई मी ओवून द्यायची, तसंच हेही एक.

गुपिताला वजन आलं ते शंकरमामांमुळे. शंकरमामा आईचे थोरले भाऊ. ते पुणे-दौंड मार्गावर मालगाडीचं इंजिन चालवायचे, कोळशाचं. उंच, कमी बोलणारे, नखांच्या कडा कायम काळ्या. ते आले की आई कपबशी काढायची, एरवी आम्ही पेल्यातून चहा प्यायचो. आप्पांचं वर्कशॉप आता फार दिवस चालणार नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं, आप्पा सोडून. त्यामुळे दादाला रेल्वेत फायरमन म्हणून चिकटवायचा, पुढं तो ड्रायव्हर होईल, असं मामांनी आणि आईनं ठरवलं होतं. मामांनी वरच्या साहेबाकडं शब्द टाकला होता. अर्ज गेला होता. डोळ्यांची तपासणी राहिली होती. तपासणीत रंगीत लोकरीचे धागे पुढ्यात टाकतात आणि एका रंगाचे एकीकडं लावायला सांगतात, एवढं दादानं कुठून तरी काढलं होतं. तो म्हणायचा, सराव केला की जमेल, फिक्या-गडदवरून अंदाज येतो. मी आईच्या टोपलीतले दोरे त्याच्यापुढं टाकून बघितले. कधी जमायचं, कधी नाही.

त्याच सुमाराला सुभेदार मोहिते आमच्याकडे यायला लागले. फौजेतून निवृत्त होऊन ते देहूरोडला राहत होते. लष्कराच्या लिलावात त्यांनी लढाईच्या काळातली एक मोटारसायकल घेतली होती, एका सिलिंडरची, अंगानं दणकट. दिघीच्या माळावर लष्कराच्या मोकळ्या जमिनीत मोटारसायकलींची शर्यत व्हायची होती. पलटणीतले जवान भाग घेणार होते आणि बाहेरच्यांनाही मुभा होती. सुभेदारांचा स्वतःचा गुडघा कामातून गेला होता. त्यांनी दादाला एकदा ती गाडी चालवायला दिली, परत आला तेव्हा म्हणाले, "शर्यतीत तूच बसणार." दादानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "इंजन माझ्या हातनं तयार हुनार आसंल तर बसू दे." मोतीबिंदूनंतर त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी ऐकला नव्हता.

पुढचे काही आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. लष्करानं त्या इंजिनांच्या सिलिंडरखाली एक जाड चकती बसवलेली असायची. परदेशी कुठंही, कसल्याही पेट्रोलवर गाडी चालावी म्हणून. आप्पांनी ती काढली. त्यामुळे इंजिनातला दाब वाढला, ताकद वाढली, आणि साधं पेट्रोल त्याला पचेना. चढाला आतून खडखड यायला लागली. सुभेदारांनी ओळखीतून विमानाचं पेट्रोल आणलं. ते डब्यातून ओतताना गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा. आईनं डबा घराच्या बाजूला ठेवू दिला नाही. खडखड थांबली, पण आता कार्बोरेटर नव्यानं जुळवायला हवा होता. कार्बोरेटरमध्ये जेट असतं, बारीक भोकाचं पितळेचं बटण. भोक जितकं मोठं तितकं पेट्रोल जास्त. आप्पांकडं वेगवेगळ्या भोकांची जेट तंबाखूच्या एका डबीत होती.

सकाळी रस्ता मोकळा असायचा तेव्हा आम्ही आकुर्डीच्या पुढं, देहूरोडच्या सरळ पट्ट्यावर जायचो. दादा गाडी पुरी वेगात आणायचा आणि त्या वेगातच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी घरंगळत थांबू द्यायचा. हळूहळू वेग कमी करत थांबलं तर वाटेतलाच रंग प्लगवर चढतो आणि खरं काय ते कळत नाही. थांबल्यावर तो गरम प्लग काढून फडक्यात धरायचा. सुभेदार वाकून बघायचे, पण त्यांचं ज्ञान फौजेच्या पुस्तकातलं होतं. बिस्किटासारखा रंग हवा, एवढं ते सांगत, आणि मग दादाकडं बघत. दादा प्लग माझ्याकडं द्यायचा, पुसायला दिल्यासारखा. मी हळूच सांगायची. या पेट्रोलवर रंग फिका चढतो हे आम्हाला दोन-तीन खेपांत कळलं. नेहमीचा रवा नाही, नुसता तुपावर परतलेला, कच्च्याच्या थोडा पुढचा. तेवढा फिका बिस्किटी आला की ते जेट बरोबर. सापडलं, आणि आप्पांनी बाकीची डबी मिटली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही ओळखीच्या एका लॉरीत गाडी घालून दिघीला गेलो. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं दादा, मी आणि आईनं बांधून दिलेली शिदोरी. शंकरमामा त्या दिवशी सुट्टीवर होते, ते परस्पर आले होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. एका बाजूला अधिकाऱ्यांच्या बायकांसाठी कनात होती. मी तिथं बसावं असं सुभेदारांनी सुचवलं, पण माझं लुगडं बघून मला तिथं कसं बघतील हे मला कळत होतं. मी लॉरीच्या फाळक्यावर बसले. वारा होता आणि आदल्या दिवसांपेक्षा हवा बरीच गार होती. थंड हवा दाट असते, इंजिन ती जास्त ओढतं आणि त्या मानानं पेट्रोल कमी पडतं. हे मला पुढं कळलं, त्या दिवशी ठाऊक नव्हतं. शिवाय त्या वाटेला दिघीच्या अंगाची एक लांब सरळ धाव होती, आमच्या देहूरोडच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी लांब, आणि तिथं इंजिन बराच वेळ पुऱ्या ताकदीनं चालणार होतं.

सरावाच्या फेरीत दादानं त्या सरळ धावेच्या शेवटी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली. प्लग काढला. सुभेदार, आप्पा, मामा भोवती उभे होते. "कसा आहे?" सुभेदारांनी विचारलं. दादा म्हणाला, "बिस्किटी." मामांनी हात पुढं केला, प्लग घेतला, उन्हात फिरवून बघितला आणि परत दिला. "झकास," ते म्हणाले. सुभेदार आपल्या एका जुन्या सोबत्याला भेटायला पलीकडं वळले. आप्पांनी मान डोलावली, त्यांना सरावात इंजिनाचा आवाज आवडला होता.

दादा पाणी प्यायच्या निमित्तानं लॉरीपाशी आला आणि माझ्यासमोर मूठ उघडली.

मी प्लग उचलला. नळीवर फिका रंग होता, पण तो भाजल्याचा नव्हता. त्याच्यावर एक पातळ चकाकी होती, लोणच्याच्या बरणीला असते तशी, आणि ती पिवळटावरून हिरव्याकडं गेलेली होती. समोरची वाकडी तार टोकाशी निळी पडली होती. असा प्लग मी त्याआधी एकदाच बघितला होता. एका लॉरीचा होता तो, आणि त्या लॉरीच्या पिस्टनला भोक पडून ती तळेगावपासून ओढून आणलेली होती.

"हिरवट हाय," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघितला. हिरवा हाय, आणि चकाकतोय. तापतंय ते आतून. जेट मोठं घाल."

दादानं प्लग परत घेतला आणि स्वतः बराच वेळ बघत राहिला. त्याला त्यात काय दिसत असेल याचा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे. तेव्हा मला फक्त त्याची मान दिसत होती. तो म्हणाला, "मला बिस्किटीच वाटतोय, माले." त्यानं माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता, आत्ताही दाखवत नव्हता. अडचण वेगळी होती. जेटची डबी आप्पांच्या खिशात होती, आणि आप्पांपाशी मामा उभे होते.

तो गेला. मी फाळक्यावरून उतरून मागं गेले, चार पावलं अंतर ठेवून. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"आप्पा, जेट बदलू या. मोठं घालू."

"का रं? आत्ता तर बिस्किटी म्हनालास."

"हिरवट हाय."

"मोठं घातलंस तर गाडी जड हुईल. सरळीवर मार खाशील." आप्पांनी हात पुढं केला, प्लग डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. त्यांना धुक्यापलीकडं काही दिसत नसणार. "दाजींनी बी बघितला की. दाजी, काय म्हनता?" नात्यानं दाजी एकटे आप्पाच, तरी दोघं एकमेकांना दाजीच म्हणत.

मामा काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "आप्पा, मला ते दोन रंग येगळे दिसत न्हाईत. हिरवा आन् तपकिरी. लाल बी. कधीच दिसलं न्हाईत. प्लग बघती ती माली. इतके दिस तीच बघती. तिनं सांगितलं, हिरवा हाय."

तो हे सगळं एका सुरात बोलला, जेटचं माप सांगावं तसं. आप्पांचा हात प्लगसकट तसाच राहिला. मामांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा घातली. रेल्वेचं काय हा प्रश्न कुणी उच्चारला नाही. आम्हा चौघांनाही तो ऐकू आला. पलीकडं कुणीतरी इंजिन चालू करून बंद करत होतं.

आप्पांनी मान वळवली. "माले."

"जी."

"चकाकी हाय?"

"हाय. बरणीवानी."

"आन् समोरची तार?"

"टोकाला निळी."

आप्पांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, अंगठ्यानं जेट चाचपली, एक उचललं, परत ठेवलं आणि त्याच्या पुढचं दादाच्या तळहातावर ठेवलं. "हे घाल. मोठं हाय. जड हुईल ते हुईल."

शर्यतीचं सांगण्यासारखं फार नाही. गाडी जड झाली. वळणातून बाहेर येताना ती खोकल्यासारखी अडखळायची आणि मागं काळा धूर सोडायची. सरळ धावेवर दोन जवान दादाच्या पुढं निघून गेले आणि पुढंच राहिले. तो तिसरा आला. सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पण त्यांचं मन पहिल्या नंबरावर होतं हे लपत नव्हतं. शिदोरी सोडली तेव्हा मामा जेवायला थांबले नाहीत. ड्युटी आहे म्हणाले. सुट्टीच्या दिवशी ड्युटी कशी, असं मला वाटलं, पण मी समजले की ते रागावले आहेत. शब्द टाकून बसलेल्या माणसाला राग येणारच.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढल्यावर त्यांनी तो हातात घेतला आणि वरच्या तोंडावरून बोट फिरवत आणलं. एका जागी बोट थांबलं. मग त्यांनी मला मधल्या दारातून आत बोलावलं, माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. धातू तिथं वितळून खड्डा पडला होता. खालून अंगठा लावला तर मध्ये जेमतेम पत्रा उरला होता. "कालच्या त्या एका फेरीत," ते म्हणाले. "लहान जेट ऱ्हायलं आसतं तर सरळीवर फुटला आसता." गाडी त्या वेगात जाम झाली असती आणि दादा जिथं पडला असता ती जमीन मी बघितली होती. खडक आणि मुरूम. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि आम्हाला भाकरी थापल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात.

तेव्हापासून आप्पा प्लग सरळ माझ्याकडं द्यायला लागले, आणि नंतर कार्बोरेटरही. याचा कुणी गाजावाजा केला नाही. लग्न होऊन तळेगावला जाईपर्यंत मी वर्कशॉपच्या बाकावर काम केलं, आणि सासरी गेल्यावर ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. दादानं रेल्वेचा अर्ज मागं घेतला. त्यावर आई दोन-तीन दिवस बोलली नाही. मग ती बोलायला लागली, पण मामांचा विषय निघाला की डोळ्याला पदर लावायची. भावानं आपल्यासाठी रदबदली केली आणि आपल्या पोरानं त्याला खाली बघायला लावलं, हे तिला लागलं होतं. मामा त्यानंतर आलेच नव्हते. दसऱ्यालाही नाही.

भाऊबीजेला ते आले. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. मामांनी तबकात ओवाळणी घातली आणि पाटावरून उठायच्या ऐवजी बसूनच राहिले. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, दादा दारात, मी चुलीपाशी.

"मी इंजनावरनं उतरलो, आक्का," मामा म्हणाले. आई त्यांच्याहून धाकटी होती, तरी ते तिला आक्काच म्हणत. "शेडमधी काम मागून घेतलं. बसून दुरुस्तीचं."

"का? कुनी काय बोललं का तुला?"

"कुनी न्हाई." त्यांनी दादाकडं बघितलं. "त्या दिशी तो प्लग मी बी हातात घिऊन बघितला. उन्हात धरून बघितला. मला बी तो बिस्किटीच दिसला."

चुलीतलं लाकूड फुटलं.

ते बोलत राहिले, खाली बघून. भरतीच्या तपासणीत फिक्या-गडदवरून निभावलं होतं. दिवसा काही वाटत नाही, सिग्नलचा हात वर आहे की खाली ते दिसतं. रात्री नुसते दिवे. त्यांचा फायरमन जुना होता, दिवा दिसला की तो त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा आणि मामा तेच मागून पुकारायचे. नेमच तसा असतो, दोघांनी पुकारायचं, त्यामुळे कुणाला कधी संशय आला नाही. फायरमनला माहीत होतं का, असं आप्पांनी विचारलं. मामा म्हणाले, "आसंल. त्यानं कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई." तो बदलून गेला होता. त्याच्या जागी नवा पोरगा आला होता आणि तो मामांच्या तोंडाकडं बघून पुकारायचा.

"दिघीवरनं गेलो त्या राती गाडी न्हेली," मामा म्हणाले. "हा दत्तू सगळ्यांम्होरं बोलला, आन् मी तितंच हुबा हुतो. दौंडपतूर तेच डोक्यात. सकाळी उतरलो आन् सायबाकडं गेलो. डोळं कमी झालंत, म्हनलं. त्यानं बी जास्त इचारलं न्हाई."

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की हा दोष आईकडून मुलाकडं उतरतो, आईला स्वतःला काही न होता. मी ते माहेरी गेल्यावर आईला सांगितलं नाही. पण त्या भाऊबीजेला तिनं मामांकडून दादाकडं आणि दादाकडून मामांकडं जसं बघितलं त्यावरून मला वाटतं, तिला ते डॉक्टरच्या आधीच कळलं असावं. ती उठली आणि तिनं दोघांना जवळजवळ पाट मांडून जेवायला वाढलं. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. मामांनी पोट भरून जेवण केलं. दिघीला न जेवता गेलेला माणूस हाच का, असं वाटण्याइतकं.

दुपारी दादा आणि मी त्यांना चिंचवड स्टेशनवर पोहोचवायला गेलो. वाटेत दोघं जण बोलत होते ते मी मागून ऐकत होते. पिकलेला पेरू कसा ओळखायचा, दाबून की वासावरून. विड्याचं पान आणि सुकलेलं पान यांत फरक कसा धरायचा. मामा म्हणाले, लग्नात मामीचा शालू कुठल्या रंगाचा होता हे त्यांना अजून ठाऊक नाही, आणि विचारायची सोय नाही. दादा हसला. मामांना हसताना मी त्याआधी फारसं बघितलं नव्हतं.

पुण्याकडं जाणारी पॅसेंजर आली. पुढं विजेचं इंजिन होतं. त्याच्या दारात उभा असलेला ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा निघाला. त्यानं रामराम घातला आणि हात करून वर बोलावलं, या, पुण्यापर्यंत आपल्यातच बसा. मामांनी त्याला रामराम केला. क्षणभर ते तिथंच उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली, आमच्या दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मागं चालत जाऊन एका डब्यात, बायाबापड्यांच्या गर्दीत, गाठोड्यांच्या मध्ये जागा करून बसले.